बांगड्याच्या आतड्यातले आणि तिसरीच्या मांसातले मायक्रोप्लास्टिक कसे मोजावे

बांगड्याचे आतडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून गाळले आणि गाळणीचा कागद सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की निळे-काळे धागे दिसतातच. ते शोधणे अवघड नाही. ते माशाने गिळलेले आहेत, मोजणाऱ्याच्या ओढणीचे, पंख्याच्या पात्यावरच्या धुळीचे किंवा ज्या जाळ्यात मासा सापडला त्या जाळ्याचे नाहीत, हे दाखवणे अवघड आहे. पुढची सगळी पद्धत त्याच एका कामासाठी आहे. कोकण आणि गोव्यातल्या कॉलेजांच्या प्राणिशास्त्र किंवा मत्स्यविज्ञान विभागात सहसा असते तेवढ्याच साधनांवर, म्हणजे ओव्हन, निर्वात पंप आणि स्टिरिओ मायक्रोस्कोप यांच्यावर, ती बेतली आहे. पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकचा नेमका प्रकार, ओळखण्याचे शेवटचे काम तेवढे बाहेरच्या यंत्रावर न्यावे लागते.

प्लास्टिकच्या ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. वरची मर्यादा ठरलेली आहे, खालची तुमच्या गाळणीवर आणि डोळ्यावर ठरते. साध्या स्टिरिओ मायक्रोस्कोपवर काम करणार असाल तर १०० मायक्रोमीटर ही खालची मर्यादा धरा आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर ती लिहा. त्याहून लहान कण दिसले तरी मोजू नका. तिथे डोळ्याने केलेली ओळख वारंवार चुकते.

आधी प्रश्न, मग मासा

"आपल्या किनाऱ्यावरच्या माशांत किती प्लास्टिक आहे?" या प्रश्नाला उत्तर नसते. "रत्नागिरीच्या भाट्ये खाडीतल्या तिसऱ्यांच्या खाण्याजोग्या मांसात पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर ग्रॅममागे किती कण आहेत?" याला असते. असा अरुंद प्रश्न घ्या.

जात निवडताना ती कशी खाते आणि आपण ती कशी खातो, या दोन्ही गोष्टी बघा. बांगडा आणि तारली पाण्याच्या वरच्या थरात प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) खातात, पण आपण त्यांचे पोट काढून टाकतो. तिसऱ्या, कालवं आणि शिणाणे हे शिंपले पाणी गाळून जगतात, आणि आपण त्यांना आतड्यासकट खातो. जवळाही अख्खाच खाल्ला जातो. म्हणून माणसाच्या पोटात काय जाते हा प्रश्न असेल तर शिंपले किंवा जवळा घ्या. समुद्राच्या कोणत्या थरात प्लास्टिक फिरते आहे हा प्रश्न असेल तर मासे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या गोव्यातल्या संशोधकांनी साळ नदीच्या मुखाशी पाणी, तळाचा गाळ, शिंपले आणि मासे एकत्र तपासले. हाच आराखडा लहान प्रमाणात कुठल्याही खाडीत वापरता येतो. फक्त मासा तपासून स्रोताबद्दल बोलता येत नाही. त्याच दिवशीचे पाणी आणि गाळ हातात असेल तरच बोलता येते.

युरोपातल्या सागरी देखरेखीत एका जातीचे, एका ठिकाणचे किमान ५० नग सुचवतात. पदव्युत्तर प्रकल्पात ३० पर्यंत खाली आलात तरी चालेल, पण १० माशांवरून टक्केवारी काढू नका. नग एकेक करून विरघळवा. पाच बांगड्यांची आतडी एकाच फ्लास्कमध्ये टाकली की सरासरी मिळते, पण किती माशांत काहीच नव्हते ही माहिती कायमची जाते. ती सरासरीइतकीच महत्त्वाची आहे.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यामुळे माशांसाठी एप्रिल-मे, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि जानेवारी असे तीन फेरे आखा. खाडीतले शिंपले पावसाळ्यातही मिळतात, आणि नद्या-ओढ्यांनी वर्षभराचा कचरा खाली आणल्यानंतरचे ते नमुने फार बोलके असतात.

धक्क्यावर

मासा बाजारातून घेऊ नका, होडीतून घ्या. बाजारापर्यंत पोचताना तो प्लास्टिकच्या क्रेटमधून, थर्माकोलच्या पेटीतून, ताडपत्रीवरून आणि बर्फाच्या चुऱ्यातून गेलेला असतो. होडीवाल्याला चार गोष्टी विचारून तिथेच लिहून घ्या: कुठे पकडला, किती खोलीवर, कोणत्या जाळ्यात, जाळे किती वेळ पाण्यात होते. डोल जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात तासन् तास उभे असते, ट्रॉल लांबवर ओढले जाते. अशा जाळ्यात कोंडलेला मासा जाळ्याचे तंतू आणि तिथेच अडकलेला कचरा गिळू शकतो. उलट खोल पाण्यातून झपकन वर आलेला मासा पोटातले ओकतो. तोंडातून जठर बाहेर आलेले नग घेऊच नका.

जाळे, दोर, क्रेट आणि बोये यांचा बोटभर तुकडा मागून घ्या. प्रत्येकाला वेगळ्या काचेच्या बाटलीत ठेवून चिठ्ठी लावा. पुढे आतड्यात हिरवा-निळा तंतू सापडला की तो आधी या बाटल्यांशी ताडून बघायचा. रंग, जाडी आणि पॉलिमर तिन्ही जुळले तर तो तंतू मोजणीतून वेगळा काढा. फेकू नका, "जाळ्याचा असण्याची शक्यता" या रकान्यात नोंदवा.

प्रत्येक मासा ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवा आणि त्याच दिवशी उणे २० अंश सेल्सिअसला गोठवा. फॉइलवर पेन्सिलीने आकडा टाकलेली कागदी चिठ्ठी पुरते. गोठवलेला मासा एकदाच वितळवा. पुन्हा पुन्हा गोठवले-वितळवले की आतड्याची भिंत फाटते आणि आतला ऐवज पोटाच्या पोकळीत सांडतो.

स्वतःचे प्लास्टिक बाहेर ठेवणे

प्रकल्प इथेच बिघडतात, म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. एडिंबरोच्या संशोधकांनी २०१८ साली शिणाण्यांतल्या प्लास्टिकची तुलना जेवताना ताटात पडणाऱ्या घरच्या धुळीशी केली. शिणाण्यांतून माणशी वर्षाला सव्वाशेच्या आसपास कण, तर जेवणावर पडणाऱ्या धुळीतून सुमारे १३,७०० ते ६८,४०० तंतू असा त्यांचा अंदाज निघाला. ताटाचे असे, तर तासभर उघड्या पडलेल्या पेट्री डिशचे काय होईल?

पंखा आणि एसी बंद, खिडक्या बंद. टेबल दर सत्राआधी ७० टक्के अल्कोहोलने पुसा, पुसायला सुती कापड. अंगात सुती कपडे आणि त्यावर सुती कोट. कोट शक्यतो एकाच ठळक रंगाचा घ्या, केशरी किंवा गडद गुलाबी. त्या रंगाचा तंतू गाळणीवर आला की तो कोणाचा ते लगेच कळते. पॉलिस्टरची साडी, ओढणी किंवा लोकरी स्वेटर घालून आलेल्याने त्या दिवशी फक्त नोंदी लिहाव्यात.

भांडी काचेची किंवा स्टीलची. ती हिरव्या घासणीने घासायची नाहीत, ती घासणी म्हणजेच प्लास्टिकच्या तंतूंचा गुंता असतो. काथ्या किंवा नैसर्गिक केसांचा ब्रश वापरा. मग गाळलेल्या डिस्टिल्ड पाण्याने तीनदा विसळा आणि उपडी ठेवा. डिस्टिल्ड पाणी प्लास्टिकच्या कॅनमधून येते, म्हणून "गाळलेले" हा शब्द महत्त्वाचा: पाणी, अल्कोहोल, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिठाचे पाणी, जे जे नमुन्याला लागणार ते सगळे १.२ मायक्रोमीटरच्या काचतंतू गाळणीतून आधी गाळून घ्यायचे. प्लास्टिकच्या धुण्याच्या बाटलीऐवजी चोचीचे बीकर.

हातमोजे लागतातच, कारण पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी जाळते. पण डिस्पोजेबल मोज्यांवरच्या स्टिअरेट या साबणासारख्या पदार्थाच्या पुटाचा वर्णपट पॉलिएथिलीनसारखा दिसतो आणि पॉलिमर ओळखणारे यंत्र फसते. मोजे घातल्यावर ते गाळलेल्या पाण्याने धुवा, आणि त्या बोटांनी गाळणीला हात लावू नका.

एवढे करूनही तंतू येतात. म्हणून कोरे नमुने हवेत, आणि ते दोन तऱ्हेचे. पहिला: मासा सोडून बाकी सगळे, तेच द्रावण, तेवढेच, तोच ओव्हन, तीच गाळणी. दर १० माशांमागे असे किमान ३. दुसरा: चिरफाड आणि मोजणी चालू असेपर्यंत शेजारी उघड्या ठेवलेल्या पेट्री डिशमध्ये ओला गाळणी कागद. या कोऱ्या नमुन्यांत आकडा शून्य आला तर खूश होऊ नका, आधी ते नीट तपासले गेले का ते बघा.

चिरफाड

मासा वितळला की बाहेरून गाळलेल्या पाण्याने धुवा. एकूण लांबी मिलिमीटरमध्ये, वजन ०.१ ग्रॅमपर्यंत. स्टीलच्या कात्रीने गुदद्वारापासून कल्ल्यांपर्यंत पोट उघडा, कात्रीचे टोक वर उचललेले ठेवा म्हणजे आतडे कापले जाणार नाही. अन्ननलिकेच्या वरच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची पूर्ण नलिका अखंड काढा, चिकटलेली चरबी आणि यकृत सोडवा, वजन करा, थेट फ्लास्कमध्ये टाका आणि झाका. पोट उघडल्यापासून झाकेपर्यंत दोन-तीन मिनिटांच्या वर वेळ जाऊ नये. आधी दोन-चार माशांवर हात बसवून घ्या आणि ते मासे मोजणीत धरू नका.

शिंपल्यांचे कवच आधी ब्रशने घासा. मग स्टीलच्या सुरीने सांध्याजवळचा स्नायू कापून उघडा. आत जे पाणी असते ते धरायचे की सांडायचे हे पहिल्या दिवशी ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. खाण्याचा प्रश्न असेल तर धरा, कारण तिसऱ्यांचे ते पाणी रश्शात जातेच. मांस ओले असतानाच तोला. कोळंबी अख्खी घ्यायची की सोललेली, तेही असेच आधी ठरवा. तिच्या कल्ल्यांत आणि पायांच्या केसांत बाहेरचे तंतू पुष्कळ अडकतात, त्यामुळे दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

विरघळवणे

१० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ४० अंश सेल्सिअस, ४८ तास. मांसाच्या दर ग्रॅमला १० मिली द्रावण.

बाजारात मिळणाऱ्या गोळ्या सहसा ८५ टक्के शुद्ध असतात, उरलेले बहुतांशी पाणी. त्यामुळे लिटरला १०० ग्रॅम घातले तर द्रावण ८.५ टक्क्यांचे होते. खरे १० टक्के हवे तर ११८ ग्रॅम घाला. समजा आतड्याचे वजन ६ ग्रॅम आहे. मग माशामागे ६० मिली, ३० मासे आणि ९ कोरे नमुने मिळून सुमारे २.३ लिटर. सांडलवंड धरून ३ लिटर करा, म्हणजे ३५४ ग्रॅम गोळ्या. ५०० ग्रॅमची एक बाटली पुरते. ८०० मिली पाण्यात गोळ्या थोड्या थोड्या टाका, गोळ्यांवर पाणी ओतू नका. द्रावण चटका बसेल इतके तापते. गार झाल्यावर लिटर पुरे करा आणि गाळा. गॉगल घालूनच. डोळ्यात थेंब गेला तर १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरून थेट डॉक्टरकडे.

फ्लास्क झाकायला बरेच जण फॉइल वापरतात. या द्रावणाला फॉइल लागले की ॲल्युमिनियम विरघळू लागते, हायड्रोजन सुटतो आणि फॉइलचे चकचकीत कण नमुन्यात पडतात. काचेची वॉच ग्लास ठेवा. घासीव काचेचे बूचही नको, ते चिकटून बसते. दिवसातून दोनदा फ्लास्क हलक्या हाताने फिरवा.

६० अंशांवर काम २४ तासांत होते आणि तसे करायचा मोह होतो. पण त्या तापमानाला व्हिस्कोज आणि सेल्युलोज ॲसिटेटसारखे लगद्यापासून बनवलेले तंतू खराब होतात, पॉलिस्टरचीही झीज होऊ शकते. नायट्रिक आम्ल तर वापरूच नका. त्यात मांस झटकन विरघळते हे खरे, पण नायलॉनही विरघळते, आणि मासेमारीच्या बंदरात नायलॉन हाच बघण्यासारखा पॉलिमर असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसून फ्लास्कच्या बाहेर येते आणि फेसाबरोबर कण काचेला वरपर्यंत चिकटतात.

तारली तेलकट असते, आणि पावसाळ्यानंतर तर फारच. तिची चरबी या द्रावणात साबण बनते. फ्लास्क गार झाला की साबण जेलीसारखा घट्ट होतो आणि गाळणी तुंबते. उपाय साधा आहे: गरम असतानाच तितकेच गरम गाळलेले पाणी घालून लगेच गाळा. इथे आम्ल घालून द्रावण उदासीन करण्याची चूक हमखास होते. आम्लाने साबणाचे पुन्हा स्निग्धाम्ल होते, पांढरे मेणचट गोळे तयार होतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली प्लास्टिकसारखेच दिसतात.

काही गोष्टी विरघळत नाहीत, त्या माहीत असू द्या: काटे, खवले, रेती, शंख-शिंपल्यांचे तुकडे, डायाटम या सूक्ष्म शैवालांची कवचे, आणि कोळंबी-जवळा किंवा प्लवकातल्या कोपेपॉड या बारीक कवचधारी जीवांचे कायटिन, म्हणजे कडक कवचाचा पदार्थ.

गाळणे

४७ मिमीची काचतंतू गाळणी किंवा २० मायक्रोमीटरची स्टीलची जाळी. पॉलिकार्बोनेट आणि सेल्युलोज नायट्रेटच्या गाळण्यांना हे द्रावण खाते. १०० मायक्रोमीटर ही तुमची मर्यादा असेल तर स्टीलची जाळी उत्तम: तुंबत नाही, धुऊन पुन्हा वापरता येते. काचतंतू गाळणीचे स्वतःचे तंतू सुटतात. ते रंगहीन, ठिसूळ आणि टोकाशी तुटके असतात, सुई लावली की मोडतात.

फ्लास्क तीनदा गरम पाण्याने विसळून ते पाणीही गाळा. कण काचेला चिकटून राहतात, विशेषतः पाण्याच्या रेषेवर. मग गाळणीवर थोडे अल्कोहोल ओता, म्हणजे उरलेला साबण निघतो. गाळणी झाकलेल्या काचेच्या पेट्री डिशमध्ये ४० अंशांवर वाळवा.

शिंपल्यांत रेती फार असेल तरच घनतेने वेगळे करण्याची पायरी घ्या. माशांच्या आतड्यांना ती सहसा लागत नाही, आणि प्रत्येक जादा पायरीत कण हरवतात. लिटर पाण्यात ३६० ग्रॅम मीठ घातले की घनता १.२ होते. मीठ वापरण्यापूर्वी द्रावण गाळायचेच: २०१८ साली मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी भारतीय समुद्री मिठातच मायक्रोप्लास्टिक दाखवले आहे. या द्रावणात पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, थर्माकोल आणि नायलॉन वर येतात. पाण्याच्या बाटलीच्या पीईटी प्लास्टिकची घनता १.३४ च्या पुढे, त्यामुळे ते खाली बसते, पीव्हीसीचेही बहुधा तसेच. म्हणून तळाची रेतीही सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. झिंक क्लोराइडने १.५ घनता मिळते (१०० मिलीचे वजन १५० ग्रॅम भरले पाहिजे), पण ते जलचरांना घातक आहे. वापरलेले गाळून पुन्हा वापरा, मोरीत ओतू नका. आणि अवशेष लिटमसला उदासीन होईपर्यंत धुतल्याशिवाय त्यात घालू नका, नाहीतर झिंक हायड्रॉक्साइडचा पांढरा साका सगळ्यावर बसेल.

सूक्ष्मदर्शकाखाली

४० पटींवर, गाळणीच्या एका कडेपासून आडव्या पट्ट्यांत, नांगरट केल्यासारखे जा. कुठेही आधी उडी मारू नका.

धागा असेल तर तो सबंध लांबीत सारख्याच जाडीचा हवा, टोकाकडे निमुळता नको. रंग एकसारखा हवा. पेशींची रचना, गाठी, फांद्या दिसता कामा नयेत. कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा दिसतो. पारदर्शक पापुद्रा बहुतेक वेळा खवला किंवा कायटिन निघतो. खवल्यावर वर्तुळाकार रेषा असतात. पांढरा कण संशयास्पद असेल तर त्यावर १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडा. बुडबुडे आले तर शिंपल्याचा चुरा.

संशयित कणाचा फोटो, लांबी, आकार (धागा, तुकडा, पापुद्रा, मणी, फेस) आणि रंग नोंदवल्यावरच गरम सुई. सुई लाल करून कणाशेजारी न्या. प्लास्टिक वितळते, आकसते किंवा चिकट होते; कापूस आणि लोकर जळतात. पण व्हिस्कोजही जळतेच, आणि होड्यांच्या रंगाच्या खपल्या आणि टायरचे रबर वितळत नाहीत. बंदरातल्या नमुन्यात रंगाच्या खपल्या बऱ्याच असतात, सुईवर विसंबून त्या गाळू नका. सुईने कण नष्ट होतो, म्हणून ही चाचणी थोड्याच कणांवर. बाकीचे यंत्रासाठी राखा.

नाइल रेड रंगाने बारीक पारदर्शक कण शोधणे सोपे होते. मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, मिथेनॉलमध्ये. ॲसिटोनमध्ये नको, त्यात थर्माकोल विरघळतो. अर्धा तास अंधारात ठेवून निळ्या प्रकाशात, डोळ्यापुढे केशरी फिल्टर धरून बघा. उरलेली चरबी आणि साबणही तितकेच चमकतात, त्यामुळे मांस अर्धवट विरघळलेले असेल तर सगळी गाळणी दिवाळीसारखी उजळते आणि मोजणी निरर्थक होते. काळे धागे आणि रबर मात्र चमकतच नाहीत.

सुरुवातीलाच ओळखीच्या वस्तूंचा संच करून ठेवा: दुधाची पिशवी, बाटलीचे झाकण, पाण्याची बाटली, थर्माकोल, निळा दोर, नायलॉनचे जाळे. ब्लेडने खरवडून काचेच्या बाटल्यांत भरा. डोळा याच्यावर तयार होतो, सुई याच्यावर शिकता येते, आणि पद्धतीची परीक्षाही याच्यावरच होते. ठळक रंगाचे २० तुकडे मोजून एका आतड्यात टाका आणि सगळ्या पायऱ्या करा. १६ पेक्षा कमी परत आले तर कुठे हरवतात ते शोधल्याशिवाय खरे नमुने घेऊ नका. बहुधा फ्लास्क विसळण्यात कसूर झालेली असते.

पॉलिमर

एफटीआयआर यंत्रावर (ते अवरक्त प्रकाशाच्या वर्णपटावरून पॉलिमर ओळखते) निदान काही कण तपासल्याशिवाय "प्लास्टिक" हा शब्द लिहू नका, "संशयित कण" लिहा. अर्ध्या मिलिमीटरहून मोठे कण त्याच्या साध्या एटीआर जोडणीवर (तिच्यात कण स्फटिकावर दाबून मोजतात) होतात. लहानांना सूक्ष्मदर्शक जोडलेले एफटीआयआर किंवा लेझरवर चालणारे रामन यंत्र लागते. कण निवडताना मोठे आणि रंगीत तेवढेच नेऊ नका. आकार-रंगाच्या प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून उचला. यंत्रातल्या ओळखीच्या वर्णपटांच्या संग्रहाशी जुळणी ७० टक्क्यांच्या खाली असेल तर कण अनिश्चित धरा.

यंत्राने सांगितले म्हणून मानू नका. नायलॉनच्या वर्णपटात १६४० आणि १५४० प्रति सेंटिमीटरच्या आसपास जी शिखरे दिसतात तीच प्रथिनांतही दिसतात, म्हणजे न विरघळलेला मांसाचा धागा "नायलॉन" म्हणून पुढे येऊ शकतो. कापूस आणि व्हिस्कोज यांच्यातही यंत्र घोळ करते. अशा वेळी आधी काढलेला फोटो पुन्हा बघा.

आकडा लिहिताना

कोऱ्या नमुन्यांची सरासरी वजा करून मोकळे होणे पुरेसे नाही. समजा ९ कोऱ्या नमुन्यांत काळ्या-निळ्या धाग्यांची सरासरी १.२ आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) ०.८ आले. शोधाची मर्यादा म्हणजे सरासरी अधिक तीन विचलने, १.२ + २.४ = ३.६. म्हणजे ज्या आतड्यात ३ काळे धागे सापडले, त्यात धागे सापडले असे म्हणता येत नाही. हे हिशेब धागे आणि तुकडे यांचे वेगळे करा. धागे हवेतून येतात, तुकडे क्वचितच, त्यामुळे तुकड्यांचा आकडा थोडा असला तरी जास्त विश्वासाचा असतो.

नगामागे आणि ओल्या वजनाच्या ग्रॅममागे, दोन्ही आकडे द्या. सोबत किती टक्के नगांत काहीच नव्हते, खालची आकारमर्यादा, गाळणीचे छिद्र, परत मिळण्याचे प्रमाण आणि कोऱ्या नमुन्यांचे मूळ आकडे. २० मायक्रोमीटरच्या जाळीचा आकडा १.२ मायक्रोमीटरच्या गाळणीशी ताडून "आमची खाडी स्वच्छ" असे लिहिले जाते, ते यांतले काहीच न दिल्यामुळे.

उरलेले द्रावण गाळून झाल्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने हळूहळू उदासीन करा, मगच मोरीत. गाळण्या फेकू नका. झाकलेल्या काचेच्या डिशमध्ये चिठ्ठीसह ठेवा, शंका आली तर कोणालाही पुन्हा मोजता आल्या पाहिजेत.

स्वयंपाकघरापुरते

धक्क्यावर माहिती देणारे लोक हाच प्रश्न विचारतात: मग खायचे की नाही? युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली जास्तीत जास्त धरून हिशेब केला, तेव्हा २२५ ग्रॅम शिणाण्यांत सुमारे ७ मायक्रोग्रॅम प्लास्टिक निघाले. या आकड्यावरून मासे सोडण्याचे कारण दिसत नाही. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अन्नातल्या मायक्रोप्लास्टिकवर २०२४ साली प्रकल्प सुरू केला असून त्यात कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था आहे.

बांगडा किंवा तारलीचे पोट साफ करताना आतडे न फोडता अख्खे ओढून काढा, मग आतून धुवा. कोळंबीच्या पाठीवरचा काळा धागा म्हणजे तिचे आतडेच, तो काढा. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवल्या की रेती सोडतात, पण प्लास्टिक पूर्ण सुटत नाही: बेल्जियममधल्या २०१४ च्या अभ्यासात तीन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवूनही शिणाण्यांतले प्रमाण ग्रॅममागे ०.३६ वरून ०.२४ वरच आले. ठेवताना शिंपले पातेल्याच्या तळाशी ठेवू नका, उंच स्टीलच्या जाळीवर ठेवा आणि पाणी दोनदा बदला. तळाशी ठेवले तर जे टाकले तेच पुन्हा गाळून घेतात. सुका जवळा ताडपत्रीवर वाळवलेला असेल तर चाळून तीन-चार पाण्यांतून काढा.

आणि मासा प्लास्टिकच्या पाटावर कोयत्याने तोडून घेऊ नका. पाटाचा चुरा थेट मांसाला लागतो, त्यावरचे ओरखडे बघितले की किती लागत असेल ते कळते. लाकडी ओंडक्यावर तोडून मागा, किंवा अख्खा आणून घरी विळीवर चिरा.